महागलं ते बाधतं

आमच्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरी टोमॅटोने मूतखडा होतो की रक्त वाढतं, हे बाजारभावावर ठरतं. टोमॅटो वीस-तीस रुपये किलो असला की त्याने रक्त वाढतं, कांती सुधारते, मुलांनी तो येताजाता कच्चा खावा. २०२३ च्या जुलैत तो दीडशेच्या घरात गेला आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून फर्मान निघालं, "पावसाळ्यात टोमॅटो खाऊ नये. बियांनी खडे होतात." भाव उतरेपर्यंत त्या घराने चिंच आणि कोकमावर आमटी खाल्ली, बोटं चाटून खाल्ली, आणि वर मूत्रपिंडं वाचवल्याबद्दल वहिनींचे आभार मानले. आमच्याकडे त्याच दिवसांत दीडशेचा टोमॅटो आणून प्रत्येक घासाला त्याचा भाव काढला जात होता. जेवण कुणाचं चांगलं झालं हे सांगायला नको.

अशा वहिनी डोंबिवलीत इमारतीगणिक एक तरी सापडतात. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. पर्समध्ये घडी घातलेली कापडी पिशवी, तिच्या आत आणखी एक. जिन्यात कुणाच्या हातात भाजी दिसली की "कशा आहात?"च्या आधी "कितीला घेतलीत?" उत्तर ऐकलं की चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखी सहानुभूती. यंदापर्यंत घरात पगार एक, खाणारी माणसं पाच: यजमान अण्णा, सासूबाई, मुलगा, मुलगी आणि त्या स्वतः. घराचा हप्ता, क्लासची फी आणि रेल्वेचा पास वजा जाऊन उरेल त्यात महिनाभर दोन्ही वेळची पाच ताटं भरायची. बरं, ती भाव बघून भरली आहेत याचा वासही कुणाला लागू द्यायचा नाही. "परवडत नाही" हे शब्द त्या घराच्या भिंतींनी ऐकलेले नाहीत. तिथे वस्तू परवडेनाशी होत नाही. ती उष्ण पडते, वात करते, नाहीतर घशाला धरते. मुलांना गरिबी वाटता कामा नये, पथ्य वाटलं तर चालेल, हे वहिनींचं धोरण.

या धोरणाची मोठी कसोटी लागली २०१५ च्या ऑक्टोबरात. तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. वहिनींना नेमकं तेव्हा आठवलं की तुरीने पित्त होतं. आता हे काही त्यांनी रचलेलं नव्हतं, जुनी माणसं असं म्हणत आलीच आहेत. फक्त हे ज्ञान ऐन दसऱ्याच्या तोंडावर कसं जागं झालं, ते कुणी विचारलं नाही. मग वार लागले. सोमवारी मुगाचं वरण, मंगळवारी मसुराची आमटी, बुधवारी चिपळूणच्या गावाहून आलेल्या कुळथाचं पिठलं, गुरुवारी चवळी, शुक्रवारी मटकीची उसळ, शनिवारी कढीगोळे. रविवारी तूर, पण तीतही निम्मा मूग आणि वर लाल भोपळ्याच्या फोडी. त्यांचा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. त्याने खाली खेळताना आमच्या चिरंजीवांना ऐकवलं, "आमच्याकडे रोज वेगळं असतं." आमच्या घरी दोनशेची तूर रोज एकाच चवीने शिजत होती, आणि तिच्यासमोर बसून आमचं पोर रुसलं होतं.

या सगळ्या नाटकाला घरात एकच प्रेक्षक असा आहे की ज्याला पडद्यामागचं दिसतं. त्या म्हणजे सासूबाई. त्या चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग कांदा सुटतो. २०१९ साली चंपाषष्ठी आली डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि कांदाही तोच मुहूर्त साधून शंभरीपार गेला. वहिनींनी पंचांग न उघडता चातुर्मास संक्रांतीपर्यंत वाढवून दिला. कारण जाहीर झालं: "आईंना खोकला आहे, कांद्याच्या फोडणीचा ठसका लागतो." सासूबाईंना खोकला नव्हता. त्यांनी सुनेकडे एकदा नीट पाहिलं आणि दोनदा खोकल्या.

सासूबाई खोकल्या याला इतिहास आहे. १९७२ साली त्या गोरेगावात राहत होत्या. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या महागाईविरोधी आंदोलनात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत त्याही होत्या. ते लाटणं अजून घरात आहे आणि पोळ्या त्यानेच लाटल्या जातात. त्याच वर्षीच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी मुलं तोंडात धरेनात. "मग काय, सांगितलं, लाल भाकरीने रक्त लाल होतं म्हणून," सासूबाई सांगतात. तेव्हाच्या त्या मुलांपैकी एक म्हणजे अण्णा. त्यांचा यावर आजही विश्वास आहे.

वहिनींचा बाजार ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. सकाळी त्या स्टेशनजवळच्या बाजारात नुसत्या हिंडून येतात, पिशवी न काढता. हा अभ्यास. खरेदी रात्री, साडेआठनंतर, भाजीवाल्यांना शेवटच्या गाडीचे वेध लागल्यावर. तेव्हा पालेभाजीच्या जुडीचा भाव भाजीवाल्याच्या घाईवर असतो. "काय मावशी, एवढीच राहिली वाटतं?" असं वहिनी विचारतात. या प्रश्नात कणव असते, घासाघीसही असते, आणि मावशीला दोन्ही ऐकू येतात. घासाघिशीलाही वहिनींचा नेम आहे. हातगाडीवाल्याशी करायची, टोपली घेऊन जमिनीवर बसलेल्या बाईशी नाही. पावसाळ्यात बदलापूर-मुरबाडच्या अंगाने आदिवासी बायका रानभाज्या घेऊन येतात. त्यांच्याकडून टाकळा, कुर्डू, फोडशी वहिनी त्या सांगतील त्या भावाला घेतात. टाकळ्यात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या जातात. मुलांना सांगितलेलं असतं की ही भाजी वर्षातून दोन महिनेच मिळते, नंतर पैसे मोजूनही नाही. हे तर खरंच आहे. त्यामुळे ज्या दिवसांत बाजारातला फ्लॉवर आणि मटार डोळे वटारत असतात, त्या दिवसांत त्या घरात दुर्मीळ वस्तू खाल्ल्याचा थाट असतो.

दुर्मीळ नसलेल्या भाजीचं त्यांच्या घरी काय होतं, त्याची हकीकत आणखी मोठी आहे. दोडका आणला की दोडक्याची भाजी आणि शिरांची चटणी. दुधी आणला की सालांची तीळ घालून चटणी. फ्लॉवरची कोवळी पानं झुणक्यात, कोबीचा दांडा किसून थालिपिठात, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, मुळ्याचा पाला मुळ्याच्या आधी. कलिंगडाचा लाल भाग मुलांना आणि पांढरा भाग किसून धिरड्यात. कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस त्यांच्या डब्याकडे बघून एकदा म्हणाला होता, "वहिनी गावाला गेल्यात का?" शिळी पोळी तिथे शिळी म्हणून ताटात येत नाही. फोडणी, कांदा, दाण्याचं कूट आणि लिंबू घेऊन ती कुस्करा होते. कांदा महाग असेल तर गूळ-तूप घेऊन लाडू होते. मुलीच्या मैत्रिणी डब्यातल्या कुस्कऱ्यावर तुटून पडतात म्हणून कधीकधी रात्री मुद्दाम चार पोळ्या जास्त लाटाव्या लागतात. शिळं ताजं करून ठेवावं लागणारं हे डोंबिवलीतलं एकमेव घर असावं.

पाकीटबंद वस्तूंशी मात्र वहिनींचं उघड वैर आहे. २०२२ च्या जुलैत पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळी-पिठांवर पाच टक्के जीएसटी लागला आणि सुट्या मालावर लागला नाही. तेव्हा त्यांनी ती बातमी वाण्याला वाचून दाखवली. वाण्याला ती माहीत होती, पण गिऱ्हाईकाला माहीत आहे हे त्याला माहीत असणं त्यांना गरजेचं वाटलं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम हे त्यांना पाठ आहे. त्यामुळे लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ८५० ग्रॅम लिहिलेली पिशवी त्या दोन बोटांत धरून परत ठेवतात. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याची किंमत तीच राहते आणि अंगाने तो वर्षागणिक वाळत जातो. याचा पुरावा म्हणून जुनी वेष्टणं त्यांनी जपून ठेवली आहेत. डीमार्टमध्ये "एकावर एक फुकट"च्या पाटीसमोर त्या थांबतात, मनात भागाकार करतात, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगतात, "दोन्ही मिळूनसुद्धा महागच पडतं हो." ती बाई पुडे खाली ठेवते. मग तिच्या मागची.

खरा किराणा त्या ग्राहक पंचायतीतून भरतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. बिंदुमाधव जोशींची ती कल्पना आणि सुधीर फडके यांच्यासारखी माणसं पाठीशी. सभासदांचे गट, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, सामान एका घरी उतरतं आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. सामान वहिनींकडे उतरलं की आमचा मजला बाजारपेठ होतो. या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा त्या सांगतात तो भावाचा नाही. "आधी लिहून द्यावं लागतं ना, मग मधेच काही घ्यायची बुद्धी होत नाही." वर्षाचं सामान त्याहून वेगळं. उन्हाळ्यात गहू उन्हं दाखवून कडुनिंबाच्या पाल्यासकट कोठीत, तांदूळ बोरिक पावडर लावून, चिंच फोडून मीठ लावून, मिरच्या देठं काढून. पोह्याचे पापड आणि कुरडया गच्चीत वाळत पडल्या की राखणीला आमची मुलं बसतात. मजुरी ओल्या चिकाच्या वाटीत मिळते.

अण्णांना बाजारात पाठवायचं नाही, असा त्या घरात अलिखित नियम आहे. ते भाव विचारत नाहीत, रक्कम सांगतात. "वीस रुपयांची वांगी दे." असं गिऱ्हाईक दिसलं की हातगाडीवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं. एकदा त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात हापूसची अर्धी पेटी आणली. आंबा फार उष्ण असतो, असं वहिनी दर मार्चला सांगतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाव उतरला की त्यातली उष्णता निघून जाते आणि घरात आमरसाच्या वाट्या फिरतात. अण्णा ऐन उष्णतेच्या काळात पेटी घेऊन दारात उभे राहिले. वहिनी काही बोलल्या नाहीत. मुलांना आंबे दिले, सासूबाईंना दिले, आमच्याकडे दोन पाठवले, आणि महिना संपेपर्यंत अण्णांच्या चहात साखर निम्मी झाली. साखरेने सांधे धरतात.

असं सगळं असलं तरी काही गोष्टींना त्या घरात भाव नाही. दूध कमी होत नाही. पोळीवरचं तूप मोजलं जात नाही. ऐन जेवणाच्या वेळी कुणी टपकलं की "आत्ताच जेवणार होतो, बसा" असं म्हणून पान वाढलं जातं, आणि त्या पाहुण्याला कळत नाही की आमटीत गरम पाणी आणि चमचाभर दाण्याचं कूट केव्हा पडलं. त्या दिवशी वहिनींना नेमका भात नको असतो. रात्री भात जड पडतो, असं त्यांच्याच वैद्यकात आहे. हे पथ्य त्या एकट्याच पाळतात, आणि सासूबाई तेव्हा खोकत नाहीत. निमूटपणे स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी सुनेच्या ताटात टाकतात.

मुलगा यंदा नोकरीला लागला. हिंजवडीत राहतो. तिथल्या सहकाऱ्यांना तो पावसाळ्यात टोमॅटोचे दुष्परिणाम समजावून सांगतो, असं कळतं. पहिल्या पगाराच्या महिन्यात तो शनिवार-रविवार घरी आला. आईला म्हणाला, "आता तू भाव बघायचा नाहीस." मग त्याने फोनवर बोटं फिरवली आणि दहा मिनिटांत दारात कागदी पिशवी आली. काळपट हिरवं, खरबरीत सालीचं अॅव्होकाडो. सगळं घर गोळा झालं. वहिनींनी ते हातात घेतलं, दाबून पाहिलं, वास घेतला. बिया आणि सालांचं काय होईल याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"आई, हे प्रकृतीला फार चांगलं असतं," मुलगा म्हणाला.

"हो का? केवढ्याला आलं?"

"दोनशेला दोन."

वहिनी विचारात पडल्या. आतल्या खोलीतून सासूबाई खोकल्या.