नाकाने कांदे

तोंडात आलेली म्हण गिळणे मला जमत नाही. बारसं असो की तेराव्याचं जेवण, प्रसंगाला साजेशी म्हण माझ्याकडे तयार. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला की मी खाकरतो आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, असा माझा समज आहे. बायकोच्या मते त्या घड्याळाकडे वळतात. घड्याळ माझ्या डोक्यावरच टांगलेलं असल्याने याचा निकाल लागत नाही.

नाशिककराला हा मान जन्मसिद्धच मिळायला हवा. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते आमच्या पंचवटीत. तेव्हा मराठीतल्या तमाम नाकांची वतनदारी आमची! आणि आपण नाकाला काय काय कामाला लावलंय बघा. नाक दाबलं की तोंड उघडतं. नाकापेक्षा मोती जड होतो. नाक कापलं तरी भोकं आहेतच म्हणणारा निर्लज्ज भेटतो. कुणी नाकावर माशी बसू देत नाही, कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबतात, मग बाकीच्यांनी नाकदुऱ्या काढायच्या. सरळ माणसाने नाकासमोर चालायचं (हे संध्याकाळी मेनरोडवर करून दाखवा). गुडघ्याच्या वाट्याला बिचाऱ्याच्या एक बाशिंग आलं, तेही उतावळ्या नवऱ्याचं.

१८९९ साली मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणींचं पुस्तक इंग्रजी अर्थासह काढलं. पुढे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आला. दोन्ही माझ्याकडे आहेत. पाहुण्यांना सोफ्यावरून दिसतील अशा बेताने ठेवलीत.

गावाची स्वतःची म्हण मात्र अगदीच मिळमिळीत : ‘नाशिक नव टेकांवर वसविले.’ जुनी गढी, डिंगरअळी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक... मोजत बसायचं. ना टोमणा, ना बोध. नगररचना खात्याचा अहवाल वाटावा अशी म्हण.

ही कसर ‘नाकाने कांदे सोलणे’ भरून काढतं. नाक पंचवटीत, कांदा लासलगावात. सगळा कच्चा माल एकाच जिल्ह्यात. तयार माल म्हणजे मी.

मेहुण्याचा कांदा विकायचा होता म्हणून त्याच्यासोबत एकदा बाजारात गेलो. ट्रॅक्टरांची रांग, पुढे बोली पुकारणारे, मागे हिशेब करणारे चेहरे. भाव पडलेला. मला राहवेना. म्हटलं, ‘पेरावं तसं उगवतं.’

मेहुणा शांतपणे म्हणाला, ‘दाजी, उगवलं तर चांगलंच. विकत नाही, त्याची म्हण सांगा.’

निफाडच्या एका शेतकऱ्याने २०१८ साली साडेसातशे किलो कांदा विकला, त्याचे १०६४ रुपये हातात आले. ते त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले. मनीऑर्डरचा ५४ रुपये खर्च पुन्हा पदरचाच. इतकं नेमकं बोलणं आम्हा म्हणवाल्यांना कधी जमलेलं नाही.

तेव्हापासून म्हणी ऐकल्या की मला आधी दिसतं, कोण कुणाला ऐकवतंय ते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे लांबरुंद गादीवर लोळणारा फाटक्या सतरंजीवाल्याला सांगतो. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ हे म्हणणारीचं नाक शाबूत असतं, लग्नही झालेलं असतं. आमच्याच नात्यातल्या एका मुलीने हे वाक्य प्रत्येक कांदेपोह्यांनंतर ऐकलं. बोलणाऱ्या सगळ्या प्रेमळच होत्या, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तिने पुढे लग्नाचा विषयच बंद केला. आता ती माझी भाषणं ऐकायला येते आणि मागच्या रांगेत बसून मनापासून हसते. बहुधा विनोदांना नव्हे.

मेहुण्याचं उत्तर अजून बाकी आहे. दोन्ही ग्रंथ सोफ्याजवळून काढून धुंडाळले, मला काही सापडलं नाही. ‘विकत नाही’ची म्हण कुणा वाचकाला ठाऊक असेल, तर कृपया कळवावी. कांद्याचा हंगाम पुन्हा येतोय.