तीन हजार अंशांची ठिणगी आणि कळंबोलीची हवा

खोक्यावर तीन दावे छापले होते. ठिणगीचं तापमान तीन हजार अंश सेल्सिअस. पावसात, वाऱ्यात, बर्फात चालते. बारा हजार वेळा वापरा. यातला बर्फाचा दावा कळंबोलीत तपासायचा तर रसवंतीवाल्याकडे जावं लागेल, म्हणून तो सोडून दिला. बारा हजारांचा हिशेब मात्र केला. देव्हाऱ्यातला दिवा रोज सकाळ-संध्याकाळ या कांडीने लावला तरी सोळा वर्षं निघतील. तेवढ्यात आमच्या सिडकोच्या इमारतीचा पुनर्विकास होईल का, याबद्दल खोक्यावर काही लिहिलेलं नाही.

वस्तू म्हणाल तर करंगळीएवढी काळी कांडी, तिला नारिंगी मूठ आणि दोरीने बांधलेली पोलादी पट्टी. आणली भाचीने. ती रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असते आणि उरलेला आठवडा नातेवाइकांना संकटासाठी तयार करते. आमच्यासाठी तिने पिशवी भरून ‘इमर्जन्सी किट’ आणलं होतं. त्यात शिट्टी होती, चॉकलेटच्या कागदासारखी चंदेरी चादर होती आणि ही कांडी.

“मामा, संकटात माचीस भिजते.”

“अगं, कळंबोलीत जुलैमध्ये माचीस कपाटात बसल्या बसल्या भिजते. त्याला संकट कशाला हवं?”

यात अतिशयोक्ती नाही. काडेपेटीच्या बाजूच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस असतो. तिला ओल लागली की काडी घासल्यावर पट्टीचा लगदा काडीला चिकटतो आणि गुल गळून पडतो. कांडीला ही भानगड नाही. बादलीत बुडवा, शर्टाला पुसा, ठिणग्या तयार. हे आम्ही गच्चीवर, भर पावसाळ्यात, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या देखत सिद्ध केलं. ते “परवानगी कोणाची घेतली?” असं विचारायला आले होते, पण ठिणग्या पाहून “जरा मला द्या बघू” वर आले.

ठिणग्या खरंच झकास पडतात. आधी कांडीवरचा काळा लेप खरवडावा लागतो, नाहीतर माणूस नुसताच घासत बसतो. पट्टी पुढे रेटली तर हाताच्या धक्क्याने खालचा कापूस उडून शेजारच्या टाकीवर जातो. म्हणून पट्टी जागच्या जागी धरायची आणि कांडी मागे ओढायची. हे सगळं जमलं. पेटेना काही.

कारण ठिणगी म्हणजे आग नव्हे. ती झेलणारं कोणीतरी लागतं, आणि आमच्या हवेत तसं कोणी कोरडं सापडत नाही. आम्ही वर्तमानपत्रावर ठिणग्यांचा पाऊस पाडला. अग्रलेखाला डागसुद्धा पडला नाही. नारळाचा काथ्या पिंजून ठेवला, तो थोडा लाल झाला आणि धुमसून गप्प बसला. व्हॅसलीन चोळलेला कापूस मात्र पटकन पेटला आणि चांगली काही मिनिटं जळत राहिला. मग कापूर चुरून वातीवर भुरभुरला. तोही पेटला. नेमकी तेव्हाच आई वर आली. तिने सवयीने ज्योतीवरून दोन्ही हात फिरवून डोळ्यांना लावले आणि विचारलं, “आरती कसली?” पाठोपाठ सेक्रेटरींनीही हात फिरवले.

सोबतची पट्टी बोथट होती, म्हणून लोखंड बाजारात गेलो. जिथे ट्रकच्या ट्रक पोलाद उतरतं तिथे चांगलं खरवडणं मिळणारच. गॅस कटरवर काम करणाऱ्या एकाने तुटक्या एक्साब्लेडचा तुकडा फुकट दिला आणि कांडी हातात घेऊन निरखली. “साहेब, हा तर लायटरचा खडा. एवढा मोठा कशाला घेतला?” आणि खिशातून आपला लायटर काढून त्याने कटर पेटवला.

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने 1903 साली लोखंड आणि सेरियमसारख्या धातूंचा हा मिश्रधातू काढला. गॅसबत्तीचं मॅन्टलही त्याचंच. मॅन्टलसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम काढलं की उरलेल्या धातूंचे ढीग पडून राहायचे, त्यांचं काय करायचं या विवंचनेतून लायटरचा खडा जन्मला. म्हणजे आपल्या वरातीत डोक्यावरून मिरवलेल्या गॅसबत्त्यांची आणि भाचीच्या कांडीची खाण एकच. भाचीला हे सांगितलं, तर तिने गॅसबत्ती म्हणजे काय ते विचारलं.

आता संकटाचं. कळंबोलीला संकट ठाऊक आहे, पण ते पाण्याचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमची वसाहतही पाण्यात होती आणि तळमजल्यावरची बिऱ्हाडं वर चढली होती. त्या रात्री शेकोटीची इच्छा कुणालाच झाली नाही. हवा होता टॉर्च, प्यायचं पाणी आणि चहा. चहा मिळाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींमुळे, कारण त्या काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवत. एवढं साधं किट मी अजून कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही.

भाची ही कांडी कलावंतीण दुर्गावर जाताना नेते. वाटेत प्रबळमाचीला चुलीवरची भाकरी आयती मिळते, त्यामुळे तिथेही कांडीला काम नसतं. कर्नाळ्यात तर ती पिशवीतच राहू द्यावी. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 30 मनाई करतं, आणि आपल्याकडच्या वाळल्या गवताला वणव्यासाठी तीन हजार अंश लागत नाहीत.

तेव्हा, घ्यायची असेल तर जरूर घ्या, माल खोटा नाही. मात्र सोबत घट्ट झाकणाच्या डबीत व्हॅसलीनचा कापूस ठेवा, आणि आधी टॉर्चचे सेल बदला. घरात पाणी शिरून ओसरल्यावर गॅसचा वास येत असेल तर कांडी, माचीस, लायटर, विजेचं बटण, काहीच चालवू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.