सत्तर आलं का?

गडचिरोलीकडच्या आमच्या ग्रामसभेच्या खोलीत एक जुना संगणक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आमचा तेंदू आम्हीच विकतो, तेव्हा हिशोबही आमच्याच गळ्यात. मे महिन्याच्या त्या पंधरा-वीस दिवसांत कोणी पानांचे किती पुडके आणले, ते मी त्यावर मांडतो. प्रोग्रॅमही मीच लिहिलाय, तीनशे ओळींचा. तो चालतो, याचं मला अजून नवल वाटतं.

नवल एकट्यानं किती दिवस करायचं? म्हणून स्क्रीनसेव्हरवरच तो प्रोग्रॅम दाखवायचं ठरवलं. लिनक्सवर एक्सस्क्रीनसेव्हर नावाची जुनी चीज आहे, जेमी झविन्स्कीनं १९९२ साली काढलेली. त्यातला ‘फॉस्फर’ निवडायचा, ‘टेक्स्ट फाइल’वर खूण करायची, आपल्या प्रोग्रॅमची फाइल दाखवायची. झालं. पाच मिनिटं माउसला हात लावला नाही की काळ्या पडद्यावर हिरवी, जाड अक्षरं एकेक करून उमटतात आणि मागं धुरकट होत विझतात.

खरं तर आता स्क्रीनसेव्हरची गरज नाही. पोट सुटलेल्या जुन्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की आतला फॉस्फरचा लेप तिथंच करपायचा, म्हणून ही हलती चित्रं आली. चंद्रपूरला एका पतसंस्थेत तसा मॉनिटर मी पाहिलाय. बंद केला तरी त्यावर ‘शिल्लक’ हा शब्द अंधुक दिसे. शेवटी संस्थेत शिल्लक राहिली ती तेवढीच. वीज तर यानं मुळीच वाचत नाही. शेजारच्या जिल्ह्यात २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र असून आमची वीज जाते ती जातेच, हा भाग वेगळा.

पण रुबाब! मी खुर्चीत डुलक्या घेतो आणि पडदा घाम गाळतो. फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या जागी, पुडके टाकून आलेली एक मावशी परवा दारातच थबकली.

“एवढं का लिवून रायली जी मशीन?”

“तुमचाच हिशोब, मावशी.”

हे अर्धं खोटं होतं. खरा हिशोब माउस हलवल्यावर दिसतो, आणि तो पाहायला कोणी थांबत नाही.

ती पदरानं मान पुसत बघत राहिली. इंग्रजी अक्षरं तिला लागत नाहीत, आकडे लागतात. एकाएकी तिनं बोट रोखलं. “सत्तर!”

होतंच. एका पुडक्यात पानं सत्तर. उभा जन्म बोटांनी मोजलेला आकडा डोळ्यांना कसा चुकेल?

ओळ विझली. “परत कवा येते?”

मी घड्याळ लावून पाहिलं. सत्तर दर सहा-सात मिनिटांनी येतं. आता फळीवरून आलेल्या बाया पाणी पिऊन बाकावर बसतात आणि मला बजावतात, “मास्तर, माउसले हात नोका लावू.”