ऐकायचं नाही, फक्त लावायचं

पूर्वी घरी पाहुणे आले की पहिलं वाक्य असायचं, ‘अरे, तो रेडिओ बंद कर, कोण आलंय बघ!’ बोलायला माणसं आली की यंत्रानं गप्प बसायचं, असा साधा हिशेब होता. हल्ली बेल वाजली की आतून आरोळी येते, ‘अरे, काहीतरी लाव!’ मग वहिनी पुलाव सोडून स्पीकर शोधतात, भाऊसाहेब फोन शोधतात आणि पाहुणे पेढ्यांचा पुडा घेऊन दाराबाहेर जिने मोजतात.

या ‘काहीतरी’च्या अटी मात्र कडक आहेत. ते लावलंय हे पाहुण्यांना कळलं पाहिजे, पण त्यांनी ते ऐकता कामा नये. त्यातून घराची अभिरुची दिसली पाहिजे, पण त्यापायी कुणाच्या फ्लॅटच्या भावाची चर्चा थांबता कामा नये.

शंभरेक वर्षांपूर्वी एरिक साती या फ्रेंच संगीतकारालाही हेच सुचलं होतं. खोलीत नुसतं असणारं, कुणी लक्ष देऊ नये असं संगीत. नावही त्यानं ‘फर्निचर संगीत’ असंच ठेवलं. १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवलं, तर लोक शहाण्यासारखे जागेवर जाऊन ऐकत बसले! बिचारा साती ‘बोला, हिंडा, ऐकू नका’ म्हणत त्यांच्यात फिरत राहिला. पॅरिसची ही गत, तर सदाशिव पेठेत काय होणार?

कारण आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात एक मामा असतात. सवाई गंधर्व महोत्सवात ते भारतीय बैठकीवर सतरंजी टाकून बसलेले असतात, आणि तिथून उठल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसतं. यजमानांनी मोठ्या हौसेनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावलेलं असतं. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. १९६७ पासून भल्याभल्यांच्या दिवाणखान्यांची अब्रू या एका तबकडीनं राखलेली आहे. पण ती आहे काश्मीरमधल्या मेंढपाळाच्या एका दिवसाची गोष्ट, आणि तिची सुरुवात होते पहाटे. मामा हातातली भजी खाली ठेवतात.

‘अहिरभैरव?’

‘हो मामा, छान आहे ना?’

‘छान आहे रे. पण रात्रीचे साडेआठ वाजलेत.’

पुढचा पाऊण तास रागसमयावर जातो. मेंढपाळ तोवर मेंढरं घेऊन घरी पोचलेला असतो, आणि आपल्याकडे अजून सूप यायचं असतं.

मग ‘गाणं नको, नुसतं वाद्य बरं’ यातही सोय उरत नाही. शहनाई लावली की लग्नाच्या वयाची मुलगी असलेले पाहुणे सावध होतात. सारंगी लावली की दूरदर्शनवर वाढलेली पिढी माना खाली घालून विचारते, ‘कोण गेलं?’

शब्द असलेली गाणी तर आणखी धोक्याची. मराठी माणसाला ओळखीचं गाणं कानाआड करता येत नाही. तो आधी गुणगुणतो, मग ‘हे खळेकाकांचं’ म्हणतो, मग समोरचा ‘छे, बाबूजींचं’ म्हणतो, मग पैज लागते. जेवण तसंच, फोन हातात, आणि शेवटी दोघांचंही चुकलेलं असतं. गीतरामायणाचा विचारही करू नये. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर ते चाललं तेव्हा लोक रेडिओला हार घालून ऐकत, असं जुनी माणसं सांगतात. त्यातलं एक गाणं सुरू झालं की आजी ताटावर हात जोडतात, आणि तुमच्या तंदुरी चिकनकडे बघायची कुणाची हिंमत होत नाही.

आणि किशोरीताई? मैफलीतली कुजबुजही ज्यांना खपत नसे, त्यांचा भूप बटाटा वेफर्सच्या कुरकुरीखाली चालू ठेवणारं घर मला माहीत आहे. मी तिथे वेफर चोखून खाल्ले.

निवडीचं ओझं यंत्रावर टाकावं, तर यंत्र घरचा भेदी. ‘शांत बासरी’ मागितली तर ते दोन तुकडे शहाण्यासारखं वाजवतं. तिसऱ्यापासून त्याला आठवतं की हा फोन एरवी कुणाच्या हातात असतो, आणि मालक ज्यांच्यासमोर साहित्यावर बोलत असतात त्यांना कळतं की मालक रोज काय ऐकून व्यायाम करतात. फुकटचं ॲप असलं तर आलापानंतर समेवर गृहकर्जाची जाहिरात येते. वर त्या स्पीकरला फोन जोडलेला असतो हे कुणाच्याच लक्षात नसतं. एका घरी बासरी मध्येच थांबली आणि दिवाणखानाभर यजमानांच्या बहिणीचा खणखणीत आवाज घुमला, ‘काय गं, गेले का ते?’ त्या संध्याकाळचं एवढंच संगीत सगळ्यांनी कान देऊन ऐकलं.

‘ते’ जात नाहीत, हा खरा प्रश्न. त्यावर एका मुरलेल्या यजमानांनी काढलेला तोडगा मला पटला होता. मैफल भैरवीनं संपते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक. तेव्हा अकरा वाजले की भैरवी लावायची. तोंडानं काही बोलायला नको, रसिक माणूस आपोआप चपला शोधेल. त्यांनी लावलीही. मामांनी डोळे मिटले, मान डोलावली, सोफ्यावर मांडी घातली आणि म्हणाले, ‘वा! आता कुठे ऐकण्यासारखं काहीतरी लावलंत. वहिनी, कॉफी टाका.’