यादीपंत

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत, कुठल्याही टीममध्ये एक यादीपंत असतातच. खरं नाव पगारपत्रकावर असतं, ते एचआरला ठाऊक.

एकाखाली एक पाच ‘इफ’ दिसले की यादीपंतांचं डोकं उठतं. “पॅनची लांबी दहा आहे का बघितलंस, मग पाच अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर, आणि चौथं अक्षर ‘पी’ आहे का. सगळं एकाच फंक्शनमध्ये कोंबलंस! उद्या कंपनीचं पॅन आलं, तिथे ‘सी’ असतो, मग काय करशील?” पोरगं म्हणतं, “अजून एक इफ टाकेन, सर.” यादीपंत पाणी मागवतात.

मग उपदेश सुरू होतो. पायथॉनमध्ये फंक्शन ही वस्तूच, आकड्यासारखी यादीत ठेवता येते. एका तपासणीचं एक छोटं फंक्शन लिहायचं, त्यांची नावं यादीत मांडायची आणि एका लूपनं प्रत्येकाला बोलावून किंमत हातात द्यायची. नियम वाढला तर यादी वाढेल. लूपला हात लावायचा नाही. पुरावा म्हणून जँगोची सेटिंग्ज उघडली जातात. नव्या प्रोजेक्टमध्ये पासवर्डचे चार तपासनीस तिथे यादीतच बसलेले असतात. त्यातल्या एकाजवळ 20,000 सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांचा साठा असतो. हा आकडा यादीपंत स्वतःच्या अपत्याचे मार्क सांगावेत तसा सांगतात.

ट्रेनी मंडळी पहिल्याच दिवशी यादीत नावापुढे कंस लावतात. फंक्शन तिथल्या तिथे धावतं, यादीत उरतं नुसतं ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’, आणि लूप त्यालाच हाका मारून तोंडावर पडतो. “अरे, मी आचाऱ्याचा पत्ता लिहून ठेव म्हटलं होतं,” यादीपंत कळवळतात, “तू त्याला आजच बोलावून पंगत उठवलीस!”

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. पहिली चूक सापडताच थांबणारे फॉर्म त्यांना सहन होत नाहीत. पॅन सुधारा, सबमिट करा. मग म्हणणार पिनकोड चुकला. तो सुधारा, मग मोबाईल. यादीपंतांचं प्रत्येक फंक्शन चूक असेल तर वाक्य परत देतं, नसेल तर काहीच नाही. सगळी वाक्यं गोळा करून माणसाला एकदाच सांगतात. बँकांनी त्यांना घेऊन जावं.

हा छंद ऑफिसात राहत नाही. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर ते उभ्या उभ्या तपासतात. “मोबाईल पाचानं सुरू होत नसतो, वॉचमन!” लग्नपत्रिकेवरचा पिनकोड शून्यानं सुरू झालेला दिसला, तर आहेराचा विचार पुन्हा होतो.

एकदा कुणीतरी टेस्टिंगपुरती यादी रिकामी केली आणि तशीच पुढे ढकलली. दिवसभर फॉर्ममध्ये वाट्टेल ते जात राहिलं. पायथॉनचं ‘ऑल’ रिकाम्या यादीला ‘ट्रू’च म्हणतं: मोडलेला एकही नियम नाही, म्हणजे सगळे पाळले. मॅनेजर लालबुंद झालेला, आणि यादीपंत त्याला समजावत होते की तर्कशास्त्राच्या दृष्टीनं यात काहीच चूक नाही.

तर्क स्वानुभवाचा होता. स्थळं बघताना त्यांची यादी म्हणे लांबलचक होती. उंची, पत्रिका, नोकरी, पुण्यात घर. वय वाढलं तसा एकेक नियम गळत गेला. यादी रिकामी झाली आणि त्यानंतरचं पहिलंच स्थळ पास झालं. हे ते वहिनींच्या समोर सांगतात. वहिनी टेस्टिंगमधल्या. त्या चहाचे कप ठेवतात आणि म्हणतात, “मी ‘ऑल’ नव्हतं लावलं, भावजी, ‘एनी’ लावलं होतं. एक नियम पास झाला की बास. यांचा नेमका कुठला पास झाला, ते अजून शोधतेय.”