गिऱ्हाईक निवडायचा हक्क कोणी दिला?

“दुकान माझं आहे. कोणाला माल द्यायचा, कोणाला नाही, ते मी ठरवीन.” गावात कोणी असं ठणकावलं की भोवतीचे चार जण मान डोलावतात. धंदा त्याचा, मर्जी त्याची, असं त्यांना मनापासून वाटतं. हे साफ खोटं आहे. उधारीला नाही म्हणा, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला हाकला, दुपारी दुकान बंद ठेवा, कोणाची हरकत नाही. पण जात पाहून गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की तो गुन्हा आहे. तोही दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता नोंदवायचा आणि तपासायचा.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या नावाखाली तिथे कोणाला अडवता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं, की जो मागेल त्याला आपली सेवा द्यायला माणूस जिथे बसला आहे ते दुकान. त्यात न्हावी आला, धोबी आला, डॉक्टर आणि वकीलसुद्धा आले. नुसतं आत येऊ दिलं म्हणजे झालं असं नाही. अटी ठरल्या तर सेवा मिळालीच पाहिजे.

हे उत्तर देणाऱ्या माणसाचे केस लहानपणी साताऱ्यात कोणी न्हावी कापत नव्हता. थोरली बहीण कापायची. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेला हाच मुलगा भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला, तेव्हा जात कळल्यावर एकही गाडीवान भाडं घ्यायला तयार होईना. शेवटी एक जण कबूल झाला, पण दुप्पट भाड्यावर. त्यातही गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची ही गत होती. सलून हे दुकान आहे, एवढं वाक्य कायद्याच्या चर्चेत यायला मध्ये सत्तेचाळीस वर्षं गेली.

१ जून १९५५ ला अस्पृश्यता (अपराध) अधिनियम लागू झाला. १९७६ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं. त्यातलं कलम ६ दुकानात टांगावं इतकं स्पष्ट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल द्यायला किंवा सेवा द्यायला नकार देणं हा गुन्हा, आणि इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी, ज्या भावात देता तसं न देणं हाही गुन्हा. म्हणजे “तू नंतर ये” हा गुन्हा. “बसू नको, पार्सल घेऊन जा” हा गुन्हा. सगळ्यांची दाढी पन्नासात आणि तुझी शंभरात, हाही गुन्हा. हॉटेलातली भांडी वापरू न देण्यासाठी कलम ४ वेगळं आहेच.

आता कोणी म्हणेल, कपबशीचा काळ गेला. वळचणीला खोचलेली ती वेगळी कपबशी, जी दलितानं स्वतः काढायची, स्वतः धुवायची आणि परत खोचून ठेवायची, ती आज फारशी दिसत नाही हे खरं. पण माझं मत सांगतो. पुष्कळ टपऱ्यांवरून ती कागदी कपानं घालवली, मालकाचं मन बदलल्यानं नव्हे. जिथे धुवायचं भांडंच राहिलं नाही तिथे कोणाचं भांडं कोणतं हा प्रश्न आपोआप मिटला. सलूनच्या खुर्चीचं मात्र तसं होत नाही. वस्तरा अंगाला लावावा लागतो, टॉवेल गळ्यात घालावा लागतो. म्हणून खेड्यातला पोरगा अजून तालुक्याला जाऊन कटिंग करून येतो आणि घरी सांगतो, तिथली स्टाईल चांगली असते.

गावात हे उघड झालं की पहिला शब्द कानावर येतो: मिटवून टाका. सरपंच येतो, पोलीस पाटील येतो, दोन्हीकडचे जाणते येतात. दुकानदार “चुकलं” म्हणतो, चहा होतो. पोराला समजावतात की गावात राहायचं आहे. मला या चहाचा राग येतो. १९५५ च्या कायद्यात कोर्टाच्या परवानगीने अशा गुन्ह्यात तडजोड करता येत होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली, कारण तडजोड कोणाच्या बाजूने होते हे तोवर सगळ्या देशाने पाहिलं होतं. कायद्याने काढून टाकलेली गोष्ट चावडीवर पुन्हा चालू ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सरपंचाला नाही.

दुसरा गैरसमज तरुण पोरांमध्ये फार आहे: जातीवरून शिवी दिली तरच ॲट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, लागतो. तसं नाही. या कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दुकानात, दवाखान्यात, सार्वजनिक जागेत येण्यापासून अडवणं हाच वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी जातीचा शब्द तोंडातून निघावा लागत नाही. आरोपी या जाती-जमातींबाहेरचा असला की सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. तक्रार केली म्हणून किराणा, गिरणी, मजुरी बंद केली, तर तो बहिष्कारही त्याच कायद्यात गुन्हा आहे. आणि नागरी हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, नाकारलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर नकार अस्पृश्यतेपोटीच होता असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुकानदाराने सिद्ध करायचं.

पण ठाण्यात जा म्हणणं आमच्या परभणीत सोपं नाही, हे मी विसरत नाही. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढच्या धरपकडीत अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी, कायदा शिकणारा पोरगा, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना वारला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यानंतर इथल्या आईने पोराला “ठाण्याची पायरी चढू नको” म्हटलं तर तिला भित्री म्हणायची माझी हिंमत नाही.

म्हणूनच सांगतो, एकट्याने जाऊ नका. दुकानात हातघाईवर येऊ नका. काच फुटली की उलट फिर्याद तयार असते. मोबाईलवर चित्रीकरण करा, वेळ लिहा, शेजारी कोण उभं होतं ते लिहा. फिर्याद तोंडी दिली तरी पोलिसांनी लिहून, वाचून दाखवून मग सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात “आधी चौकशी करू” हे उत्तर कलम १८अ नुसार चालत नाही. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा.

ग्राहक आयोगाचा रस्ता इथे फारसा कामाचा नाही. २०१९ च्या कायद्यात पैसे देऊन किंवा कबूल करून वस्तू घेतलेला माणूस म्हणजे ग्राहक. ज्याला दारातूनच परत पाठवलं, तो त्या व्याख्येच्या बाहेर राहतो. बिस्किटाचा पुडा शिळा निघाला तर भरपाई, पुडाच दिला नाही तर आयोगाकडे दाद नाही. संसदेनं हे दुरुस्त केलं पाहिजे.

आणखी एक भोक मोठं आहे. बुलढाण्यातला कैकाडी अनुसूचित जातीत येतो, परभणीतला विमुक्त जातीत. त्याच आडनावाच्या, त्याच टोपल्या विणणाऱ्या माणसाला इथे ॲट्रॉसिटीचं संरक्षण नाही आणि कलम १२ चा आधारही नाही. वडारालाही इथे हे दोन्ही नाही. मुसलमान पोराला खोली नाकारली तर शिक्षा देणारा कायदाच नाही. ईशान्येकडून आलेल्यांचीही तीच अडचण. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निदो तानियाच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, भांडण झालं, मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानाविरुद्ध नवी कलमं सुचवली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण ती कलमं त्यात नाहीत.

जी कलमं हातात आहेत तीही बोथट करून ठेवली आहेत. नागरी हक्क कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड १९५५ मध्ये पाचशे रुपये होता. आजही पाचशेच आहे. कैद एक ते सहा महिने. पण याच कायद्यात कलम ८ आहे: दोषी ठरलेल्याचा धंद्याचा परवाना रद्द किंवा स्थगित करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. पाचशे रुपयांना कोणी भीत नाही, परवान्याला भितात. तेव्हा परभणीतल्या सरकारी वकिलांकडे माझी मागणी एवढीच: असा खटला उभा राहिला आणि दोष सिद्ध झाला, की प्रत्येक वेळी कलम ८ चा अर्ज टाका. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसायला हवी. किती वेळा ती बसली आणि दुकानातल्या नकाराच्या किती तक्रारी तिच्यापुढे आल्या, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने फलकावर लावावं.