आठवाला की अकरावाला?

नागपुरात गिटारचा पिकअप बदलण्यामागे संगीत कमी आणि कूलर जास्त असतो. एप्रिल लागला की घरोघरी कूलर सुरू होतात. सिंगल कॉइल पिकअपची गिटार अशा वेळी ॲम्पला जोडली, की सुराच्या आधी ५० हर्ट्‌झची घूंऽऽ सुरू होते. वाजवणारा थांबला तरी ती थांबत नाही. (शेजारच्या काकूंना तो तानपुरा वाटतो. मीही खुलासा केलेला नाही.) यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ साली हंबकर काढला. दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, की घरघर आपसात भांडून मरते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो.

तेव्हा ब्रिजजवळ हंबकर बसवायचं ठरलं. पिकअप कानांनी निवडता येतो. घोडं अडतं ते पिकगार्डपाशी. स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाच्या गिटारीत तिन्ही पिकअप, स्विच, पॉट (आवाजाच्या बटणांखालचे) हा सगळा संसार त्या एका प्लास्टिकच्या तुकड्याला लोंबकळत असतो. सिंगल कॉइलच्या तिरप्या, अरुंद खाचेत हंबकर मावत नाही. म्हणजे पिकगार्डही नवा.

आता भोकं. १९५४ च्या पहिल्या स्ट्रॅटचा पिकगार्ड आठ स्क्रूंचा. १९५९ मध्ये तो तीन थरांचा झाला आणि स्क्रू झाले अकरा. आजही विचारणा तीच : आठवाला की अकरावाला? माझी गिटार या दोन्ही घराण्यांतली नाही. मित्राकडचा अकरावाला वर ठेवून पाहिला. काही भोकं जुळली, बाकीची बुटीबोरीकडे निघालेली.

म्हणून सीताबर्डीवर नेमप्लेटा कापून देणाऱ्या दुकानात गेलो. लेझरचं मशीन, ॲक्रिलिकच्या शीटा, कोपऱ्यात एका डॉक्टरांचं अर्धं नाव. दुकानदाराने माझा जुना पिकगार्ड उलटापालटा करून पाहिला.

"हे कूलरचं होय का, भाऊ?"

"गिटारचं."

"बरं. नाव काय टाकाचं?"

"नाव नाही टाकायचं."

"मंग लावून काऊन राहिले?"

"ओरखडे पडू नयेत म्हणून."

"तं लॅमिनेशन मारून घ्या ना!"

एवढं बोलून त्याने तीन एमएमची शीट काढली. मूळ पिकगार्ड जेमतेम अडीच एमएमचा. शिवाय ॲक्रिलिक दिसायला काचेसारखं आणि स्वभावानेही तसंच. स्क्रू जरा जास्त आवळला की भोकापाशी तडकायची भीती. मला थरांची पीव्हीसी हवी होती. "फ्लॅटच्या दारावर चालते, गिटारवर काऊन नाही चालत?" या प्रश्नावर मी नमस्कार करून निघालो.

रंगाचा प्रश्न घरात सुटला. १९५९ नंतरचे ते तीन थरांचे पिकगार्ड सेल्युलॉइडचे होते आणि वयापरत्वे त्यांच्या पांढऱ्यावर हिरवट झाक चढली. आता तीच झाक नव्याकोऱ्या प्लास्टिकला देऊन 'मिंट ग्रीन' म्हणून विकतात. बायकोने फोटो पाहिला. "अहो, हा तर आपल्या बाथरूममधल्या स्विचबोर्डचा रंग! तो बदला म्हणून मी दिवाळीपासून मागे लागलेय."

मी गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा दाखला दिला. १९७४ मध्ये त्याने आपल्या काळ्या स्ट्रॅटचा पांढरा पिकगार्ड काढून काळा लावला आणि २०१९ च्या लिलावात ती गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली.

"त्यात पिकगार्डचे किती?"

काळा मागवला. स्विचबोर्डही बदलला.

तुमच्या मनात असा बेत असेल तर आधी जुना पिकगार्ड उघडा आणि खालच्या लाकडातल्या खळग्यात हंबकर मावतो का ते बघा. मग जुना पिकगार्ड कागदावर ठेवून भोकांसकट गिरवा आणि विकत घ्यायच्या पिकगार्डशी ताडून पाहा. हंबकरला २५० ऐवजी ५०० के चे पॉट लागतात, तेही त्याच फेरीत आणा. रंगावर वाद सगळ्यात शेवटी घाला. आणि काहीही करून हे सगळं फेब्रुवारीत उरका. सोल्डरिंग करताना पंखा बंद ठेवावा लागतो.